आईची औटकी, दादाचा ई-४ आणि मेंदूतले रस्ते

मंगळवारातली_ताई

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं वाचून जाते, लिहीत नाही. पण गेले तीन आठवडे डोक्यात एकच विषय आहे. घरात काढला की आवाज चढतात, म्हणून इथं धागा काढते.

आई ८१ वर्षांची आहे. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून ती गप्प गप्प असते. अलीकडं तेच तेच विचारते. "सिलिंडर आला का?" हे सकाळपासून तीनदा. मागच्या महिन्यात अंबाबाईचं दर्शन घेऊन बाहेर पडली आणि महाद्वार रोडला घराच्या उलट्या बाजूनं चालत सुटली. ओळखीच्या फुलवालीनं हाक मारली म्हणून बरं.

तिला एका दवाखान्यात नेलं. तिथं एका मुलीनं कागद समोर ठेवून प्रश्न विचारले. तारीख, महिना, मजला कितवा. मग म्हणाली, "शंभरातून सात वजा करत जा." आई नुसती तिच्या तोंडाकडं बघत बसली. मुलीनं परत सांगितलं. आई म्हणाली, "साठ?" पुढं एक वाक्य लिहायला सांगितलं, तर आईनं 'श्री' काढला आणि पेन खाली ठेवला. ३० पैकी १७ गुण. "शिक्षण किती?" "चौथी." "मग असंच असणार. स्मृतिभ्रंशाची सुरुवात धरून चला." दहा मिनिटांत आम्ही बाहेर.

रिक्षात मला रडू आवरेना. आई माझा हात हातात घेऊन काहीतरी पुटपुटत होती. कान देऊन ऐकलं, तर औटकी. "दोन औटं सात, तीन औटं साडेदहा, चार औटं चौदा..." ताराबाई रोड येईपर्यंत दहा औटं पस्तीस करून मोकळी झाली, कुठं अडखळली नाही. (नव्या मंडळींसाठी: औट म्हणजे साडेतीन. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी तशी औटकी. मी ३३ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पण मला स्वतःला औटकी येत नाही.)

त्यात दादाचा फोन. तो पुण्याला असतो. त्यानं थुंकी पाठवून जनुकांची तपासणी करून घेतली. अहवालात एपोई नावाच्या जनुकाच्या पुढं ई-३/ई-४ लिहिलंय. "आईकडनंच आलंय हे, तू पण करून घे," म्हणाला. रात्री मी वाचत बसले. कमी शिकलेल्यांना धोका जास्त, ई-४ असला तर अजून जास्त, आणि शिक्षणानं मेंदूतल्या 'जोडण्या' घट्ट होतात, असं सगळीकडं लिहिलेलं.

माझा प्रश्न सरळ आहे. चौथीवर शाळा सुटली आणि वर हे जनुक, म्हणजे माझ्या आईचं सगळं ठरूनच गेलं होतं का? आणि या जोडण्या म्हणजे नेमकं काय? पोरींना शाळेत आणायला मी दारोदार फिरले आहे. शाळेच्या एका वर्षानं डोक्यात काय होतं, हे मला कळायलाच हवं.

गावठी_डॉक्टर

ताई, करवीर तालुक्यात माझा छोटा दवाखाना आहे, मेंदूतज्ज्ञ मी नाही. पण तुमच्या लिखाणात एक शब्द आहे, त्याच्यावर माझी नजर अडकली. "साठ?"

मुलीनं 'सात' म्हटलं, आईंनी 'साठ' ऐकलं. कान तपासलेत का? वयस्कर माणूस तोंडाकडं बघत गप्प बसतं, तेव्हा निम्म्या वेळा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. ऐकू न येणारं माणूस हळूहळू बोलणं सोडतं आणि बोलणं सुटलं की मेंदूचं खाद्यच कमी होतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची १४ टाळता येण्याजोगी कारणं मांडली. त्यात ऐकू कमी येण्याचा वाटा ७ टक्के धरलाय, लहानपणीच्या कमी शिक्षणाचा ५ टक्के.

दुसरं, तो ३० गुणांचा कागद १९७५ साली अमेरिकेत शाळा शिकलेल्या लोकांसाठी बनला. हरियाणात बल्लभगढच्या खेड्यांमध्ये संशोधकांनी निरक्षर म्हाताऱ्यांना तपासायला घेतलं, तेव्हा त्यांना तो मोडून नवीन बांधावा लागला. शंभरातून सातच्या जागी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. घड्याळाची वेळ विचारायच्या ऐवजी सकाळ आहे की दुपार, ते विचारलं. चौथी शिकलेल्या आईच्या गुणपत्रिकेवर शिकलेल्यांची रेघ मारून निदान करता येत नाही.

आधी हे करून घ्या: कान, बी-१२, थायरॉईड, साखर, रक्तदाब. झोपेची किंवा लघवीची गोळी चालू असेल तर तिचं नाव मला सांगा. आणि बाबा गेल्यापासून आई गप्प आहेत, हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. उतारवयातलं नैराश्य हुबेहूब विसराळूपणासारखं दिसतं आणि ते औषधानं बरं होऊ शकतं. रस्ता चुकल्या, हे मात्र हलकं घेऊ नका. त्याचा छडा लागलाच पाहिजे.

रेडिओलॉजी_कट्टा

मी पुण्यात मेंदूच्या एमआरआयच्या आकडेमोडीचं काम करते. मूळची कोल्हापूरची, जुना बुधवारची. जोडण्यांचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणून जरा लांबण लावते.

आधी जनुक. एपोई हे १९ व्या गुणसूत्रावर असतं आणि शरीरात चरबीची ने-आण करणारं प्रथिन बनवतं. त्याचे तीन प्रकार आहेत, ई-२, ई-३ आणि ई-४. आपल्याला एक प्रत आईकडून मिळते, एक वडिलांकडून. ई-४ चा अल्झायमरशी (स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) संबंध १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात सापडला. एक ई-४ असेल तर धोका साधारण दुप्पट-तिप्पट, दोन असतील तर आठ ते बारा पट. पण हे आकडे बहुतेक युरोपी वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत. ई-४ असून नव्वदीपर्यंत ठणठणीत असणारी माणसं आहेत, आणि ई-४ नसताना हा आजार झालेलीही भरपूर आहेत.

ताई, दादाच्या अहवालावरून एवढंच कळतं की तुमच्या आई-बाबांपैकी किमान एकाकडं ई-४ आहे. आईकडंच आहे असं म्हणायला काहीही आधार नाही. तुम्हाला तो आला असेल किंवा नसेल.

आता जोडण्या. स्कॅनरमध्ये माणसाला सहा-आठ मिनिटं नुसतं पडून राहायला सांगतात. डोळे मिटा, झोपू नका, काही करू नका. मेंदू तेव्हाही चालूच असतो. ज्या भागाचं काम वाढतं तिकडं ऑक्सिजनवालं रक्त जास्त जातं आणि तेवढा फरक चुंबकाला कळतो. १९९५ साली भरत बिस्वाल या संशोधकानं दाखवून दिलं की हात हलवत नसतानाही, हात हलवणारे डावे-उजवे भाग एकाच लयीत वर-खाली होत असतात. अशा एका लयीत चालणाऱ्या भागांना आम्ही जोडलेले म्हणतो. मधली वायर आम्हाला दिसत नाही, दिसतो तो ताल. वायरसारखे पांढरे तंतू बघायची तपासणी निराळी.

या जाळ्यांमधलं एक, माणूस स्वतःच्या आठवणींत रमतो तेव्हा चालतं. कपाळामागचा मधला भाग आणि डोक्याच्या मागचा मधला भाग ही त्याची दोन ठाणी. अल्झायमरमध्ये अमायलॉइड नावाचं प्रथिन सगळ्यात आधी साचतं ते याच ठाण्यांवर. ऑक्सफर्डच्या गटानं २००९ मध्ये २० ते ३५ वयाची निरोगी पोरं तपासली, तर ई-४ वाल्यांचं हे जाळं त्या वयातच इतरांपेक्षा वेगळं वागत होतं, जास्त पेटलेलं होतं. आजार नाही, विसराळूपणा नाही, तरी फरक.

आणि शिक्षण? निरोगी वयस्कांमध्ये, जास्त वर्षं शिकलेल्यांचे पुढचे भाग आठवणींच्या भागांशी जास्त घट्ट जोडलेले दिसलेत. जर्मनीतल्या म्युनिकच्या गटाला डाव्या कपाळामागं एक नाकं, म्हणजे बऱ्याच वाटा मिळतात असं ठिकाण, सापडलं. ते बाकीच्या मेंदूशी जितकं जास्त जोडलेलं, तितका माणूस आजाराचा भार जास्त काळ पेलतो, आणि जास्त शिकलेल्यांमध्ये ते जास्त जोडलेलं असतं.

आपल्या कोल्हापुरातलं सांगते, म्हणजे चटकन कळेल. २०१९ चा पूर आठवा. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि गाव तुटलं. दूध नाही, पेट्रोल नाही. मेंदूतला आजार म्हणजे ते पुराचं पाणी. ज्या गावाला एकच रस्ता ते पहिल्या दिवशी तुटतं. ज्याला पाणंदी, आडवाटा, दुसरा पूल आहे ते तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत चालतं. शिक्षण म्हणजे या आडवाटा. पाणी त्यांनी थांबत नाही, कमीही होत नाही.

याचीच दुसरी बाजूही सांगायला हवी. कोलंबिया विद्यापीठाच्या याकोव स्टर्न यांनी हे फार वर्षांपूर्वी मांडलं. जास्त शिकलेल्यांमध्ये आजार उशिरा दिसतो, पण दिसायला लागला की घसरण वेगानं होते. तोवर सगळ्या आडवाटांवर पाणी चढलेलं असतं ना.

अवनी_३१

माझी आजी याच आजारात गेली. शेवटची दोन वर्षं ती मला 'बाई' म्हणायची, तिला वाटायचं मी तिची शिक्षिका आहे. मी जनुकांच्या तपासणीचा डबा मागवून ठेवलाय, चार महिने कपाटात पडून आहे. करू का नको? ई-४ निघाला तर लग्नाच्या बोलणीत सांगायचं का?

गुळाची_ढेप

मंगळवारातल्या ताई, तुमच्या आईची औटकी वाचून डोळं भरलं.

मी ७४ चा. शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर ४१ वर्षं दिवाणजी हुतो. सातवी पास. आमच्याकडं एक तोलाईवाले नाना हुते, अंगठेबहाद्दर. तीस किलोचा रवा (गुळाची ढेप) हातावर घेतला की "पावशेर कमी हाय" म्हणायचे आणि काट्यावर ठेवलं की तेवढाच कमी. कुणाचा किती माल, कुणाची किती उचल, कुणाला किती येणं, दीडशे शेतकऱ्यांचं त्यांच्या डोक्यात असायचं. मी वहीत बघून सांगेपर्यंत त्यांचं सांगून झालेलं असायचं. ८८ व्या वर्षी गेले, शेवटपर्यंत डोकं शाबूत.

आता मला सांगा, नानांच्या शिक्षणाच्या रकान्यात तुम्ही काय लिवणार? शून्यच न्हवं? मग त्यांच्या मेंदूत जोडण्या न्हवत्या म्हणायचं का? मी भांडत न्हाई, मला खरंच समजून घ्यायचं हाय.

तिसरी_बाजू

काकांच्या प्रश्नाला जोडून मी अजून एक विचारतो. जो शिकला त्याच्या घरी खायला होतं, म्हणून तो शिकला. लहानपणी दूध मिळालं, पुढं नोकरी लागली, रक्तदाबाची गोळी वेळेवर मिळाली, उन्हात ऊस तोडायला लागला नाही. साठाव्या वर्षी त्याचा मेंदू चांगला दिसला, तर ते श्रेय शाळेचं की पोटभर जेवणाचं? या अभ्यासांत ३०-४० माणसं स्कॅन करतात, एकदाच करतात आणि 'शिक्षणानं जोडण्या वाढतात' असं छापतात. कदाचित आधीच जोडण्या चांगल्या असलेली मुलंच शाळेत टिकत असतील.

शिक्षणावर माझा विश्वास आहे. पण गरीब बाईला 'तू शिकली नाहीस म्हणून तुझा मेंदू कमजोर' असं सांगणारं विज्ञान मला टोचतं.

रेडिओलॉजी_कट्टा

तिसरी_बाजू, तुमची शंका अगदी मर्मावर आहे. आमच्या क्षेत्रातही हाच वाद चालू आहे.

त्याचा निकाल लावायचा एक चांगला मार्ग म्हणजे कायदा. सरकार कायद्यानं सगळ्यांनाच शाळेत थांबवतं तेव्हा हुशार-ढ, श्रीमंत-गरीब हा भेद मागं पडतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९७२ साली शाळा सोडण्याचं किमान वय १५ चं १६ झालं. त्याच्या आधी आणि नंतर जन्मलेल्या हजारो लोकांचे मेंदू पुढं पन्नास-साठीत स्कॅन झाले. त्या एका जादा वर्षानं मेंदूच्या रचनेत मोजण्यासारखा फरक सापडला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण 'शाळेनं मेंदू वाढतो' असं सरसकट म्हणणारे हा निकाल गाळतात. पण तिथं प्रश्न दहा वर्षं की अकरा, असा होता. आपल्याकडच्या आयांचा प्रश्न शून्य की चार, चार की दहा, असा आहे. त्याचं उत्तर त्या अभ्यासात नाही. शिवाय तिथं रचना मोजली होती, ताल नाही.

काका, तुमच्या नानांबद्दल. 'शिक्षणाची वर्षं' हा रकाना आम्ही वापरतो, कारण तो विचारायला सोपा. खरं मोजायचं असतं ते आयुष्यभर डोक्याला मिळालेलं काम. ते मोजायला आमच्याकडं चांगली फूटपट्टी नाही, आणि आहेत त्या बहुतेक शिकलेल्यांनी शिकलेल्यांसाठी केलेल्या. दीडशे खाती डोक्यात ठेवणं हे माझ्या लेखी रोजची शाळाच.

शिकलेल्यांच्या आतही फरक असतो. अमेरिकेत १९८६ पासून ६७८ नन्सचा अभ्यास झाला. सगळ्यांचं जेवण, राहणं, काम जवळपास सारखं. त्यांनी विशीत लिहिलेले आत्मवृत्ताचे कागद मठाच्या दप्तरात सापडले. ज्यांच्या वाक्यांमध्ये तेव्हाच विचारांची दाटी होती, त्यांना साठ वर्षांनी हा आजार कमी झालेला दिसला. मेल्यानंतर मेंदू तपासले, तर काही जणींचे मेंदू आजारानं भरलेले होते, पण जिवंतपणी त्यांच्या वागण्यात त्याचा मागमूस नव्हता.

निपाणीचा_बाबू

माझं थोडं वेगळं. आमच्या घरी मराठी, बाजारात कानडी, विडी कारखान्यातल्या बायका दोन्ही मिसळून. माझी आई एक यत्ताही शिकली नाही, पण गिऱ्हाईक बघून भाषा बदलते. एकाच वाक्यात माझ्याशी मराठी आणि दारातल्या भाजीवालीशी कानडी.

हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण तपासले होते, २०१३ चा अभ्यास. दोन भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट. कधीच शाळेत न गेलेल्यांमध्येही हा फरक दिसला. म्हणजे शाळेशिवायही डोक्यात काहीतरी बांधलं जातं. सीमाभागातल्या प्रत्येक घरात हे वाचून दाखवावं असं मला वाटतं.

मंगळवारातली_ताई

तुम्ही सगळे इतकं मनापासून लिहिताय, काय बोलू.

काल आईजवळ बसले आणि तिच्या शाळेचं विचारलं. ती पन्हाळ्याच्या खालच्या अंगाच्या गावातली. चौथीत पहिली आली होती. धाकटा भाऊ झाला, आजी शेतात जायची, मग पोराला कोण सांभाळणार? मास्तर घरी आले होते म्हणे, "पोरगी हुशार आहे, पाठवा." आजोबा म्हणाले, "शिकून काय गुळाचं गुऱ्हाळ चालवायचंय?" आई म्हणाली, "मास्तर गेल्यावर मी त्यांची पाटी परत द्यायला पळत गेले. त्यांनी घेतली नाही. म्हणाले, असू दे तुझ्याकडं."

ती पाटी अजून आहे. माळ्यावर, लाकडी चौकट, एक कोपरा फुटलेला. काल काढून दाखवली. त्याच पाटीवर तिनं आम्हा दोघांना अक्षरं शिकवली, हे मला ठाऊक होतं. पण दूधवाल्याचा हिशोब, भिशीचा हिशोब, बाबांच्या पगाराची वाटणी, हे सगळंसुद्धा आधी त्या पाटीवर व्हायचं आणि मग पुसलं जायचं, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

आपल्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. हे मी ३३ वर्षं मुलांना शिकवलं. आणि माझीच आई स्वातंत्र्यानंतर चौथीत थांबली. तिसरी_बाजू, तुमचं म्हणणं पटतं, पण माझा राग शाळेवर नाही, शाळा सुटण्यावर आहे. भारतात साठीच्या पुढच्या लोकांमध्ये ७.४ टक्के स्मृतिभ्रंश आहे, असं २०२३ च्या देशव्यापी अभ्यासात आलंय. त्यात बाया जास्त, खेड्यातले जास्त. ते वाचताना मला माझ्या वर्गातून गळालेल्या पोरींची नावं आठवत होती.

गावठी_डॉक्टर

अवनी, तुमच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून मी देतो.

डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक, जेम्स वॉटसन. २००७ मध्ये त्यांचा सगळा जनुकीय आराखडा जगापुढं ठेवला गेला, पण त्यांनी एपोईचा भाग झाकायला सांगितला. त्यांना तो जाणून घ्यायचा नव्हता. तेव्हा नको वाटण्यात कमीपणा काही नाही.

दुसऱ्या बाजूला, समुपदेशन करून, नीट समजावून अहवाल दिला तर बहुतेक लोक तो पचवतात, कायमचं नैराश्य येत नाही, असंही अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलंय. पण २०१४ च्या एका अभ्यासातली गोष्ट मी विसरू शकत नाही. ज्या वयस्कांना आपल्याला ई-४ आहे हे ठाऊक होतं, त्यांनी स्मरणशक्तीच्या चाचणीत, ठाऊक नसलेल्या ई-४ वाल्यांपेक्षा खराब कामगिरी केली. जनुक तेच, नुसतं कळल्यानं फरक पडला. ताईंच्या आईला 'चौथी म्हणजे असंच असणार' असं तोंडावर सांगितलं गेलं, त्याचंही मला म्हणून वाईट वाटतं.

तुम्ही ३१ च्या आहात. आज अहवाल आला तरी त्यावरून देण्यासारखं औषध माझ्याकडं नाही. जे करायचं ते ई-४ असो-नसो तेच आहे: चाळिशीपासून रक्तदाब आणि साखर ताब्यात, चालणं, तंबाखू बंद, माणसांत राहणं. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबाची देखरेख दिली, तर त्यांचं डोकं तुलनेत चांगलं राहिलं, आणि ई-४ वाल्यांनाही त्याचा उपयोग झाला. डबा उघडायचाच असेल तर आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा. लग्नाचं मी काय सांगू, पण ही शक्यता आहे, आजार नाही. पत्रिकेसारखी समोर ठेवायची गोष्ट नव्हे ही.

अवनी_३१

डॉक्टर, 'नुसतं कळल्यानं' हे वाचून मी डबा परत कपाटात ठेवला. आजीच्या वह्या आईकडं आहेत, आधी त्या वाचते. तिनं मला शिक्षिका का समजलं असेल, ते कदाचित त्यात सापडेल.

गुळाची_ढेप

ताई, ती पाटी जपा. आणि आईला एक इचारा, पाऊणकी येती का? आमच्या वेळी पाऊणकीला भलेभले अडायचे.

मंगळवारातली_ताई

सव्वा महिन्यानं लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

कानाचा आलेख काढला. दोन्ही कान बरेच कमी झालेत, उजवा जास्त. बी-१२ अगदी तळाला होतं. कानाचं मशीन घेतलं, पहिल्या दिवशी आई म्हणाली, "हा पंखा एवढा वाजतो होय?" मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली आणि ऐकत बसली. बी-१२ ची इंजेक्शनं चालू आहेत. झोपेची एक जुनी गोळी होती, बाबा आजारी असताना कुणीतरी दिलेली, ती डॉक्टरांनी हळूहळू बंद केली.

दुसऱ्या ठिकाणी एका बाई डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पाऊण तास दिला. आईच्या शेजारी बसून, चेहरा समोर ठेवून बोलल्या. वार उलटे विचारले. शनिवार, शुक्रवार, गुरुवार, एकही चुकला नाही. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, त्यातले दोन आठवले, तिसरा खुणेवरून आठवला. बाजारातल्या सुट्ट्या पैशांचा हिशोब विचारला, तो डॉक्टरांच्या आधी सांगितला. त्यांचं म्हणणं असं: आज स्मृतिभ्रंश म्हणता येणार नाही, पण विसरणं वयाच्या मानानं थोडं जास्त आहे, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. मनासाठी एक औषध दिलंय. रस्ता चुकण्याबद्दल त्या म्हणाल्या, त्या दिवशी गर्दी, कान आणि ती गोळी, तिन्ही मिळून झालं असेल, पण एकटीला पाठवू नका. सकाळी मी तिच्याबरोबर जाते.

दादाला मी रेडिओलॉजी_कट्टाचं लिखाण पाठवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबांकडूनही आलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." पुढच्या रविवारी तो येतोय. मी तपासणी करणार नाही, निदान आत्ता तरी. माझा रक्तदाब १५० निघाला, त्याची गोळी मात्र सुरू केलीय.

सिलिंडरचं अजून विचारते. काल दोनदा, आज एकदाच.

काका, पाऊणकी विचारली. सात पाऊणं सव्वापाच पर्यंत धडाधड गेली, आठव्याला थांबली, पाटी मागून घेतली, लिहून बघितलं आणि मग सांगितलं, सहा. तुम्ही गुळाच्या अडतीवर होता म्हटल्यावर एकदम खुलली, तिच्या माहेरचा गूळ शाहूपुरीतच यायचा म्हणे. दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात ना, तेव्हा मार्केट यार्डात तिला घेऊन येते. तुम्ही भेटाल का?

गुळाची_ढेप

येतो की. लवकर या, सौदे सुरू झाले की गर्दी हुते, आईस्नी ऐकू यायचं न्हाई.